पोकळ भिंतीच्या पोटात

मागच्या वर्षी माझे सासरे साताऱ्याहून आमच्याकडे तीन महिने राहायला आले होते. आम्ही टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. बाबांची हयात घरं बांधण्यात गेली. वीट वाजवून भट्टी कशी लागली होती ते सांगणारा माणूस. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी सोबत आणलेली गणपतीची तसबीर बैठकीच्या खोलीत लावायला घेतली. हातोडीचा एक ठोका दिला आणि खिळा डोक्यापर्यंत भिंतीत शिरला. बोटांनी ओढला तर तसाच बाहेर आला. मग त्यांनी पेरांनी भिंत वाजवत नेली. पोकळ, पोकळ, मग एकदम भरीव. पुढे हातभर पुन्हा पोकळ, मग पुन्हा भरीव. हातोडी खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "अगं, यातली भिंत कुठली?"

प्रश्न अगदी योग्य होता. आणि आमच्या समोरच्या प्लॉटवर तेव्हाच एका नवीन घराचं काम सुरू झालं होतं, त्यामुळे उत्तर खिडकीतूनच दिसणार होतं. बाबा रोज सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसायचे आणि संध्याकाळी मी कामावरून आले की प्रश्न तयार असायचे. मी वाचून, इथल्या बांधकामातल्या लोकांना विचारून उत्तरं द्यायचे. त्यातलंच हे सगळं.

आपल्याकडची विटेची भिंत एकटीच सगळा संसार ओढते. भार घेते, पाऊस अडवते, ऊन अडवते, आवाज अडवते आणि खिळा मारला तर तोही धरून ठेवते. अमेरिकेतल्या घरात ही कामं वाटून दिलेली असतात. भार उचलायला लाकडी सांगाडा. वाऱ्याने तो तिरपा होऊ नये म्हणून त्यावर ठोकलेले लाकडी तक्ते. पाणी अडवायला पातळ कापडासारखा थर, ऊब राखायला लोकरीसारखा भराव, आणि आतून दिसायला गुळगुळीत जिप्समचा तक्ता. इथली दहातली नऊ स्वतंत्र घरं अशीच उभी राहतात. कामं वाटली की प्रत्येक काम हलक्या, स्वस्त वस्तूकडून करून घेता येतं. पण दोन थरांच्या मधे जे घडतं, त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. माझ्या मते गेल्या दोनशे वर्षांत इथल्या घरबांधणीत जे जे नवं आलं, त्यातल्या बहुतेकांचं मूळ या मधल्या जागेत आहे.

काळी माती आणि ताणलेल्या तारा

सगळ्यात आधी पाया झाला, आणि तिथे बाबांना ओळखीचं काहीतरी सापडलं. मध्य टेक्सासमधून काळ्या मातीचा एक लांब पट्टा जातो. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या मातीची सख्खी बहीणच. इथेही या मातीत पूर्वी कापूसच पिकायचा. अशा जमिनीवर घर बांधायचं म्हणजे काय त्रास असतो ते बाबांना सांगावं लागलं नाही. एक कोपरा वर उचलला जातो, दुसरा खाली बसतो आणि घर चिरफळतं.

इथला उपाय वेगळा आहे. संपूर्ण घराखाली काँक्रीटची एकच स्लॅब टाकतात. त्याआधी तिच्या आत उभ्या-आडव्या पोलादी तारा अंथरतात, प्रत्येक तार ग्रीस लावून प्लॅस्टिकच्या नळीत घातलेली. काँक्रीट ओतलं, ते आठवडाभर कडक होऊ दिलं, की एक माणूस हातात जॅक घेऊन येतो आणि स्लॅबच्या कडेने फिरत एकेक तार ताणतो. अर्ध्या इंचाच्या एका तारेवर सुमारे ३३ हजार पौंड, म्हणजे १५ टन ताण. ताणलेली तार आखडू पाहते आणि सगळ्या बाजूंनी स्लॅब आत दाबून धरते. पुस्तकांची ओळ दोन्ही हातांनी गच्च दाबून उचलली तर मधलं पुस्तक पडत नाही, तसं. खालची माती हलली तरी स्लॅब तराफ्यासारखी एकसंध हलते, तुटत नाही. आमच्या गॅरेजच्या फरशीत एक सूचना उमटवलेली आहे: ही ताणलेली स्लॅब आहे, कापू किंवा भोक पाडू नका. इतकी वर्षं मी ती नुसती वाचत होते. तुटलेली तार किती जोराने बाहेर येऊ शकते हे समजल्यावर ती माझ्या मुलांनाही वाचून दाखवली.

शिकागोचा सांगाडा

स्लॅबनंतर आठवडाभरात समोर दोन मजल्यांचा सांगाडा उभा राहिला. काम करणारे बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले, टेक्सासच्या उन्हात पहाटेपासून राबणारे. बाबांना नवल वाटलं ते त्यांच्या वेगाचं, आणि लाकडाच्या बारीकपणाचं. "एवढ्याशा काटक्यांवर दोन मजले?"

आपले जुने वाडेही लाकडी सांगाड्याचेच. जोत्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, मधे वीट-माती. युरोपातून अमेरिकेत आलेल्या लोकांनीही आधी तशीच घरं बांधली: जाड खांब, लाकडात खाच पाडून बसवलेले सांधे, लाकडाच्याच खुंट्या. त्याला कसबी सुतार हवा, आणि तुळई चढवायला अख्खी आळी हवी.

१८३०च्या दशकात शिकागोत ही रीत मोडली. शिकागो तेव्हा काहीशे वस्तीचं गाव होतं आणि १८७०पर्यंत ते जवळपास तीन लाखांचं शहर झालं. माणसांचे लोंढे येत होते, कसबी सुतार मात्र मोजके. त्याच वेळी दोन गोष्टी स्वस्त झाल्या. वाफेवर चालणाऱ्या करवतींनी एकसारख्या मापाच्या बारीक फळ्या निघू लागल्या आणि यंत्रावर खिळे बनू लागले. तोवर लोहार एकेक खिळा ठोकून करायचा. मग कुणाला तरी सुचलं की चार जाड खांबांऐवजी पन्नास बारीक फळ्या जवळजवळ उभ्या करून नुसत्या खिळ्यांनी जोडल्या तर? हा मान जॉर्ज स्नो यांचा की ऑगस्टिन टेलर यांचा, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. या पद्धतीला नाव पडलं 'बलून फ्रेम'. भार आता एकाच्या डोक्यावर न राहता सगळ्यांत वाटला गेला. दोन माणसं, हातोडी, करवत, एवढ्यावर घर उभं राहू लागलं.

आणि लगेच मधल्या जागेने डोकं वर काढलं. या पद्धतीत उभी फळी पायापासून छपरापर्यंत सलग जायची, त्यामुळे दोन फळ्यांमधली पोकळीही सलग. तळमजल्यावर आग लागली की तीच पोकळी धुराड्याचं काम करायची आणि ज्वाळा क्षणात माळ्यावर पोचायच्या. १८७१च्या आगीत शिकागोतल्या १७ हजारांहून जास्त इमारती जळाल्या. त्याला कोरडा उन्हाळा, वारा, लाकडी पदपथ अशी कितीतरी कारणं होती. पण घरांतल्या या उभ्या पोकळ्यांचा धोका पुढेही अग्निशमन दलाला दरवेळी भेटत राहिला. विसाव्या शतकात ही पद्धत मागे पडली आणि मजल्यागणिक सांगाडा बांधायची रीत आली. एक मजला पुरा करायचा, त्यावर आडवी फळी आणि तक्तपोशी टाकायची, मग तोच ओटा वापरून वरचा मजला. आडव्या फळीने पोकळी बंद झाली. शिवाय भिंत जमिनीवर आडवी मांडून, ठोकून, चौघांनी उचलून उभी करता येऊ लागली. समोर बाबांनी हेच पाहिलं होतं.

आता ती हातभर अंतरावरची भरीव जागा. या उभ्या फळ्यांना स्टड म्हणतात. एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १६ इंच. तक्ते येतात ४ बाय ८ फुटांचे, आणि ४ फूट म्हणजे ४८ इंच, म्हणजे बरोबर तीन वेळा १६. त्यामुळे तक्त्याची कड नेहमी स्टडवरच येते. फळीला 'टू बाय फोर' म्हणत असले तरी रंधून-वाळून तिचं खरं माप दीड बाय साडेतीन इंच असतं. मला सगळ्यात आवडलेलं माप मात्र ९२ पूर्णांक ५/८ इंच. स्टड दुकानातच या लांबीला कापून मिळतो. वर-खाली मिळून दीड-दीड इंचाच्या तीन आडव्या फळ्या धरल्या की सांगाडा ९७ इंचांच्या किंचित वर जातो. छताचा अर्ध्या इंचाचा तक्ता वजा करा, भिंतीवर चार-चार फुटांचे दोन तक्ते आडवे लावा, आणि खाली बोटभर फट उरते. ती फट नंतर लाकडी पट्टीखाली झाकली जाते. लाखो घरांमधला कापाकापीचा वेळ या एका आकड्याने वाचवला आहे.

आणि आतल्या ज्या तक्त्याला आपले लोक 'पुठ्ठा' म्हणतात, त्याबद्दल मला मनापासून एक सांगायचं आहे. तो जिप्समचा गाभा आहे, कागद फक्त दोन्ही बाजूंना. जिप्समच्या वजनाचा साधारण पाचवा भाग म्हणजे त्यात बांधलं गेलेलं पाणी. आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन जावं लागतं, आणि तोवर तक्त्यामागचं लाकूड फार तापत नाही. घरातल्या माणसांना बाहेर पडायला मिळणारी मिनिटं हा पुठ्ठाच देतो.

नवी युक्ती आणि तिच्याच पोटात आगीचा धोका, ही गोष्ट पुढे पुन्हा घडली. १९६९ साली आयडाहोतल्या एका कंपनीने इंग्रजी 'आय'च्या आकाराची तुळई काढली: वर-खाली जाड पट्टी, मधे पातळ तक्ता. कमी लाकडात लांब पल्ला, सरळ, न पिळवटणारी. लोखंडी गर्डरचंच शहाणपण लाकडात आणलेलं. पण मधला तक्ता पातळ असल्यामुळे आगीत ती भरीव तुळईपेक्षा फार लवकर जळते, आणि वरून चाललेला अग्निशमन दलाचा जवान जमिनीसकट खाली जातो. इथली राज्यं नमुना म्हणून घेतात त्या बांधकामाच्या आदर्श नियमावलीत २०१२ साली अशा तुळयांच्या खालून अर्ध्या इंचाचा जिप्सम तक्ता लावणं आलं. पुन्हा तोच पुठ्ठा.

छत्री उलटी होते तेव्हा

समोरच्या घरावर कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी लाकडी सांगाडे, चढल्या तेव्हा बाबांनी विचारलं, "हे छप्पर एवढं हलकं. वाऱ्याने उडत नाही?"

उडतं. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू चक्रीवादळ फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावर धडकलं आणि २५ हजारांहून जास्त घरं नष्ट झाली. नंतर इंजिनियरांनी ढिगारे तपासले तेव्हा लाकूड कमजोर होतं असं फारसं आढळलं नाही. तुटले होते ते जोड. छपराचे तक्ते खिळ्यांऐवजी पिनांनी ठोकलेले, आणि कितीतरी पिना खालच्या कैचीला लागल्याच नव्हत्या. तक्त्यातून आरपार, मोकळ्या हवेत.

वारा छपरावरून जाताना ते वर ओढतो. त्यातच एखादी खिडकी किंवा गॅरेजचं मोठं दार फुटलं की वारा आत शिरतो आणि आतूनही छप्पर वर रेटतो. पावसाळ्यात छत्री उलटी होते ती अशीच. यावर उपाय म्हणजे छप्पर पायाला बांधणं, आणि तेही सलग साखळीने: कैचीपासून भिंतीच्या वरच्या फळीला लोखंडी पट्टी, तिथून स्टडला, वरच्या मजल्याच्या स्टडपासून खालच्याला, आणि शेवटी स्लॅबमध्ये पुरलेल्या बोल्टला. एक कडी निसटली तर बाकीच्यांचा उपयोग नाही. मायामी भागात खिडक्यांची परीक्षाही कडक झाली. नऊ पौंडांची टू बाय फोर फळी सेकंदाला ५० फूट वेगाने तिच्यावर डागतात, आणि पाणी-वारा आत शिरेल असं भोक पडता कामा नये. वादळात शेजाऱ्याच्या घराची फळी आपल्या खिडकीवर येते, म्हणून फळीच. या पट्ट्या-बोल्टांचा खर्च पूर्ण घराच्या मानाने किरकोळ असतो. जिथे नियम सक्ती करत नाही तिथेही त्या लावाव्यात असं माझं ठाम मत आहे.

पाऊस, वाफ आणि विटांचा रेनकोट

एक दिवस समोर विटांचा ट्रक आला. बाबा उठूनच उभे राहिले. "आल्या विटा!" दोन दिवस गवंड्यांचं काम पाहून ते गप्प झाले. विटेचा एकच थर, आणि तो लाकडी घराला टेकलेलाही नाही. मधे इंचभर मोकळी जागा. सर्वांत खालच्या ओळीत दर दोन-अडीच फुटांवर दोन विटांमधली दर्ज मुद्दाम न भरता सोडलेली. कामचुकारपणा वाटावा असंच दृश्य. मी चौकशी केली, आणि इथल्या बांधकामातला सगळ्यात खोल विषय हाती लागला.

टेक्सासमधली बहुतेक विटेची घरं विटांवर उभी नाहीत. वीट हा घराचा रेनकोट आहे. वीट आणि चुना-सिमेंट पाणी पितात, हे गृहीतच धरलेलं असतं. आत झिरपलेलं पाणी मोकळ्या जागेतून खाली उतरतं आणि त्या उघड्या दर्जांतून बाहेर पडतं. हवा खेळती राहते, वीट वाळते. खरं पाणी अडवायचं काम विटेमागे तक्त्यावर गुंडाळलेल्या कापडासारख्या थराकडे. तो पाणी आत येऊ देत नाही, पण वाफ बाहेर जाऊ देतो.

वाफ बाहेर कशाला जायला हवी? १९७३च्या तेलसंकटापर्यंत बऱ्याच अमेरिकन भिंतींत भराव नव्हता किंवा जेमतेम होता. घरं फटींची, इंधन स्वस्त. भिंत भिजली तरी घरातली उष्णता आणि फटींतला वारा तिला सुकवून टाकायचा. इंधन महागलं तसा लोकांनी भिंतींत काचलोकर ठासून भरली, फटी बुजवल्या. घरं उबदार झाली आणि काही वर्षांत कुजू लागली. कारण साधं आहे. उष्णता आत अडकली म्हणजे बाहेरचा तक्ता गार पडला. घरात स्वयंपाक, अंघोळ, श्वास यांची वाफ असते. ती फटींतून भिंतीत शिरते आणि गार तक्त्यावर तिचं पाणी होतं. दमट दिवशी गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात, तेच इथे भिंतीच्या पोटात. आणि आता सुकवायला उष्णता नाही. ओल, बुरशी, मग लाकूड भुसभुशीत.

१९९०च्या दशकाच्या मध्यावर नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथे थर्माकोलसारख्या फोमवर प्लास्टरचा हात दिलेलं बाह्य आवरण लोकप्रिय होतं. दिसायला सुरेख, बाहेरून जलरोधक. खिडक्यांच्या कडांनी थोडं पाणी आत जायचं आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. नव्याकोऱ्या घरांच्या भिंती आतून कुजल्या. माणसांनी आयुष्याची कमाई घातलेली घरं होती ती.

आणखी गुंता असा की वाफेची दिशा प्रदेशागणिक बदलते. मिनेसोटाच्या हिवाळ्यात ती आतून बाहेर जाते. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात बाहेरची दमट हवा एसीने गार झालेल्या आतल्या तक्त्याकडे धावते. त्यामुळे मिनेसोटात भिंतीला आतून लावलेलं प्लॅस्टिक हे औषध, आणि तेच ह्यूस्टनमध्ये दुखणं. जोसेफ लस्टिब्युरेक या इंजिनियरांनी यावर वर्षानुवर्षं लिहिलं आणि बांधकामवाल्यांच्या गळी उतरवलं. त्यांची मांडणी ऐकायला सोपी आहे: पाणी, हवा आणि वाफ अडवणारे थर आणि उष्णता अडवणारा थर, हे सगळे सांगाड्याच्या बाहेरून घाला. आपण स्वेटर बरगड्यांच्या मधेमधे भरत नाही, सगळ्या अंगावरून घालतो. काचलोकर दोन स्टडच्या मधे भरली तरी स्टडमधून उष्णता निसटतेच, कारण इंचाला इंच लावून पाहिलं तर लाकूड काचलोकरीच्या साधारण एक तृतीयांशच उष्णता अडवतं. बाहेरून सलग फोम किंवा दगडलोकरीचा थर घातला की हाडं उबदार आणि कोरडी राहतात, आणि पेल्याला थेंब येतच नाहीत.

या विचाराचा प्रवासही मजेशीर आहे. १९७६ साली इलिनॉय विद्यापीठातल्या वेन शिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुहेरी भिंती, जाड भराव आणि दक्षिणेकडे खिडक्या अशा घराचा आराखडा मांडला. तेल पुन्हा स्वस्त झालं आणि अमेरिका तो विसरली. जर्मनीत वुल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे बू अडामसन यांनी अशा प्रयोगांवरून शिकत १९९१ साली डार्मश्टाटमध्ये पहिलं 'पॅसिव्ह हाउस', म्हणजे ऊब राखायला फार थोडी ऊर्जा लागणारं घर, बांधलं. जर्मन वास्तुरचनाकार कात्रिन क्लिंगेनबर्ग यांनी ती कल्पना परत आणली आणि २००३ साली स्वतःचं घर बांधलं, तेही इलिनॉयच्याच अर्बाना गावात.

पंख्याची परीक्षा आणि फोडणीचा धूर

घर किती फटीचं आहे ते मोजतात पुढच्या दारात एक मोठा पंखा बसवून. तो आतली हवा बाहेर ओढतो, आत-बाहेर ५० पास्कलचा फरक पडेपर्यंत. म्हणजे पाण्याची पातळी पाच मिलिमीटर उचलेल एवढाच दाब. मग तासाभरात घरातली सगळी हवा किती वेळा बदलली जाईल ते काढतात. २०१२च्या आदर्श ऊर्जानियमांप्रमाणे बहुतेक प्रदेशांत हा आकडा ३च्या आत हवा. फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्साससारख्या उष्ण भागांसाठी त्याच नियमांत ५ची मुभा होती. पॅसिव्ह हाउसला मर्यादा आहे ०.६.

एवढं घट्ट घर गुदमरणार नाही का? गुदमरेल, म्हणून त्यात हवा मोजून आत घेतात. एका पेटीत आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी वाहते, मिसळत नाही, पण जाणारी हवा आपली ऊब किंवा गारवा येणाऱ्या हवेला देऊन जाते.

आपल्या स्वयंपाकघरांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. शेगडीवरचा पंखा धूर खरोखर बाहेर टाकतो की जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो, हे घर घेताना तपासा. मिरचीच्या फोडणीपुढे ती जाळी टिकत नाही. आणि मिनिटाला ४०० घनफुटांहून जास्त हवा ओढणारा पंखा लावला, तर बऱ्याच ठिकाणी तेवढी हवा बाहेरून आत यायची वाटही नियमाने करून द्यावी लागते. नाहीतर घट्ट घरात पंखा नुसता फिरतो, आणि गॅसवरच्या गीझरचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो.

कारखान्यातून घर

"हे सगळं कारखान्यातच का बनवत नाहीत?" बाबांचा हा प्रश्न अमेरिका शंभर वर्षांहून जास्त काळ विचारते आहे. १९०८ ते १९४० या काळात सिअर्स कंपनीने पुस्तिकेतून निवडलेली घरं रेल्वेने पाठवली. कापलेल्या लाकडापासून खिळ्यांपर्यंत सगळं सामान. सत्तर हजारांच्या आसपास अशी घरं विकली गेली. युद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउनमध्ये याच्या उलट केलं: घर जागेवरच, आणि कामगारांच्या टोळ्या एकेक ठरलेलं काम करत घराघरांतून पुढे सरकायच्या. १९४७ ते १९५१ या काळात १७ हजारांहून जास्त घरं झाली. करारात मात्र ही घरं गोऱ्यांशिवाय कुणी वापरू नयेत अशी अट होती. तंत्र सांगताना ही गोष्ट गाळणं मला पटत नाही.

त्याच काळात ओहायोत 'लस्ट्रॉन' घरं बनत होती, भांड्यांवर असतो तसा इनॅमल चढवलेल्या पोलादी पत्र्यांची. आत-बाहेर पत्राच. तसबीर लावायला खिळा नाही, लोहचुंबक. हे बाबांना फार आवडलं. साधारण अडीच हजार घरं झाली आणि १९५०मध्ये कंपनी बुडाली. २०१५ साली सुरू झालेल्या कॅटेरा कंपनीने दोन अब्ज डॉलरहून जास्त भांडवल ओतलं आणि २०२१मध्ये तीही बंद पडली. घरांची मागणी व्याजदराप्रमाणे वर-खाली होते, कारखान्याचा खर्च मात्र दर महिन्याला उभाच. तयार खोल्या ट्रकवरून नेताना रुंदी सोळा फुटांच्या आसपास अडते. माझा अंदाज असा की संपूर्ण घरापेक्षा घराचे भाग कारखान्यात बनवणं टिकेल. ते आधीच टिकलं आहे: समोरच्या घरावरच्या सगळ्या कैच्या कारखान्यातून आल्या होत्या, दातेरी लोखंडी पट्ट्यांनी जोडलेल्या. ही रीत १९५०च्या दशकात फ्लोरिडात सुरू झाली आणि आता तिला कुणी नवीन म्हणतही नाही.

सध्या सगळ्यात गाजतंय ते छापलेलं घर. आमच्यापासून जवळच, जॉर्जटाउनमध्ये, ऑस्टिनच्या 'आयकॉन' कंपनीने लेनार या बिल्डरसोबत अशी शंभर घरं उभी करायला २०२२मध्ये घेतली. ४५ फुटांहून रुंद यंत्र, आणि त्यातून काँक्रीटची वळी एकावर एक पडते, सोऱ्यातून चकली पाडावी तशी. भिंतीवर थरांच्या आडव्या रेघा तशाच दिसतात. साचा लागत नाही, वळणदार भिंतीला जास्तीचा खर्च नाही. पण छापल्या जातात त्या फक्त भिंती. पाया, छप्पर, खिडक्या, वायरिंग, नळ हे नेहमीच्याच हातांनी होतं, आणि घराचा बराचसा खर्च तिथेच असतो. जाड भिंतींतून वायफाय नीट जात नाही, अशी तक्रार राहायला आलेल्यांनी केली. घरभर छोटी यंत्रं बसवून ती भागवतात. बाबांना मात्र ही भिंत पटली. वाजवली तर भिंतीसारखी वाजेल म्हणाले.

उंच इमारतींसाठी आडव्या-उभ्या फळ्या चिकटवून केलेले जाड लाकडी तक्ते आले आहेत. मिलवॉकीतली 'असेंट' ही २५ मजल्यांची राहती इमारत २०२२ साली पुरी झाली. खालचे काही मजले काँक्रीटचे, वरचे सगळे लाकडाचे. जाड लाकूड बाहेरून कोळशासारखं जळतं आणि तो कोळसाच आतलं लाकूड वाचवतो. एकट्या घरासाठी मात्र हे अजून महागच आहे.

बाबा परत जायच्या आठवड्यात समोरच्या घराच्या आत जिप्समचे तक्ते लागणार होते. घर घेणारं जोडपं नागपूरकडचं निघालं. बाबांनी मला त्यांच्याकडे पाठवलं, निरोप देऊन: तक्ते लागायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा, शेजारी टेप धरून. स्टड कुठे, वायर कुठे, नळ कुठे, सगळं पुन्हा दिसणार नाही. रविवारी ते दोघं आणि बाबा मिळून घरभर फिरले. टेपचं एक टोक बाबांनी धरलं होतं. देवघराच्या भिंतीपाशी त्यांनी जास्तीची एक आडवी फळी दोन स्टडच्या मधे ठोकून घ्यायला सांगितली, पाच फुटांवर. तसबीर कुठेही लावली तरी खिळ्याला लाकूड मिळावं म्हणून.